उमरावांच्या सनदा उघडणारा माणूस : टॉम जॉन्स्टन
(एका वाचनालयांत झालेलें व्याख्यान)



आज मी तुमच्यापुढें एका परक्या माणसाची हकिकत सांगायला उभा आहें. हा माणूस राजा नव्हे, सेनापति नव्हे, मोठा तत्त्ववेत्ताही नव्हे. स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉक नांवाच्या गांवांतल्या एका वाण्याचा हा मुलगा. नांव टॉम जॉन्स्टन. तुमच्यांतल्या पुष्कळांनीं हें नांव ऐकलेंही नसेल आणि त्यांत तुमचा कांहीं दोष नाहीं. विलायतेचा इतिहास आपल्याला शिकविला गेला तो राजाराण्यांचा आणि लंडन शहराचा; लंडनच्या उत्तरेस शेंकडों मैलांवर माणसें राहतात, त्यांनाही पोट आहे, त्यांच्याही जमिनी कोणीतरी लुबाडल्या, हें आपल्याला सांगणार कोण?

ह्या गृहस्थाविषयीं माझ्या मनांत एक प्रश्न आहे, तो आधींच सांगून टाकतों. तरुणपणीं ह्यांनीं आपल्या देशांतल्या उमरावांच्या सनदा चव्हाट्यावर आणल्या. तुमच्या वाडवडिलांनीं ह्या जमिनी कोणत्या मार्गानें मिळविल्या तें दाखवा, असें त्यांनीं भर बाजारांत विचारलें. पुढें अधिकारावर आल्यावर त्यांनीं त्याच उमरावांपैकीं एकाला मानाच्या खुर्चीवर बसविलें, आणि म्हातारपणीं आपल्या त्या पुस्तकाबद्दल दिलगिरीही दाखविली. मग ह्यांना फितूर म्हणायचें कीं शहाणे म्हणायचें? तुम्ही सगळी हकिकत ऐका, मग ठरवा.

प्रथम त्या मुलखाची स्थिति. स्कॉटलंडचा उत्तर भाग डोंगराळ, पावसाचा, थंडीचा. तेथलीं कुळें पिढ्यान्‌पिढ्या दऱ्याखोऱ्यांतून राहत आलीं होतीं. जमीन आपल्या टोळीची, सरदार तो आपला वडील, अशी त्यांची भाबडी समजूत. पण कागद निघाला सरदाराच्या नांवाचा! मेंढ्यांच्या लोंकरीला भाव आला तेव्हां ह्या वडिलांनीं लेकरांना घराबाहेर काढलें. सदरलंड परगण्यांत १८०७ पासून १८२१ पर्यंत हजारों माणसांना हुसकून समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन टाकलें. माणसें परत येऊं नयेत म्हणून घरांच्या आढ्यांना आगी लावल्या. त्याबद्दल पॅट्रिक सेलर नांवाच्या कारभाऱ्यावर १८१६ सालीं खटला झाला, आणि तो निर्दोष सुटला. ज्यूरींत पुष्कळसे जमीनवालेच होते हें सांगायला नकोच.

दक्षिणेकडे कोळशाच्या खाणी. तेथली गोष्ट ऐकून तर तुम्हांला हें यूरोपांतलें वर्णन आहे असें वाटणार नाहीं. १६०६ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें असा कायदा केला कीं, खाणींतला मजूर किंवा मिठागरांतला मजूर यास जुन्या धन्याच्या चिठ्ठीवांचून दुसऱ्यानें कामावर ठेवूं नये. ह्या एका कायद्याच्या दोरीनें तीं माणसें जन्मभर बांधलीं गेलीं. खाण विकली कीं मजूरही तिच्याबरोबर जात. पोराच्या बारशाला धन्यानें चार नाणीं बापाच्या हातावर ठेवलीं कीं तें पोरही बांधलें गेलें. पुढें १७०१ सालीं विनाचौकशी कोणाला कैदेंत ठेवूं नये असा एक मोठा उदार कायदा झाला. त्यांतून खाणवाले आणि मिठागरवाले तेवढे वगळले. ही गुलामगिरी पुरती सुटायला १७९९ साल उजाडावें लागलें. म्हणजे जे साहेबलोक जगाला स्वातंत्र्याचे धडे देत फिरत होते, त्यांच्या घरच्या चुलींत जळणारा कोळसा गोऱ्या गुलामांनीं खणलेला होता.

ह्या सगळ्या गोष्टी कागदपत्रांत होत्या. पण त्या वाचून लोकांच्या भाषेंत सांगणारा पाहिजे होता. तो माणूस १८८१ सालीं जन्माला आला.

टॉम जॉन्स्टन यांचें शिक्षण गांवच्या शाळेंत आणि शेजारच्या लेंझी येथल्या विद्यालयांत झालें. वयाच्या बाविसाव्या वर्षीं ते गांवच्या स्कूलबोर्डावर निवडून आले. रात्रीच्या वर्गांना तरुण पोरें येईनात, तेव्हां जॉन्स्टन यांनीं त्या वर्गांतून नाच आणि मुष्टियुद्ध शिकविण्याची सोय केली. माणसाला आधीं दारांत आणावें, मग पाटी हातीं द्यावी, ही त्यांची रीत पहिल्यापासूनची.

पुढें एका नातलगाचा छापखाना त्यांच्या हातीं आला. वाण्याच्या मुलानें छापखान्यावर लग्नपत्रिका आणि दुकानांच्या जाहिराती छापून सुखानें पैसा केला असता. ह्यांनीं १९०६ सालीं ग्लासगो शहरांत ‘फॉरवर्ड’ नांवाचें साप्ताहिक काढलें. पत्र समाजवादी, मजुरांचें. दारूची जाहिरात घ्यायची नाहीं असा त्यांचा नियम. साप्ताहिक काढणाऱ्याला जाहिरात नाकारणें म्हणजे काय असतें, हें ज्यानें कधीं वर्तमानपत्र चालविलें असेल त्यालाच कळेल! आयर्लंडचे जेम्स कॉनली, ग्लासगोचे जॉन व्हीटली अशा माणसांचे लेख त्यांत येत.

ह्याच साप्ताहिकांत त्यांनीं उमराव घराण्यांवर लेख लिहिले आणि १९०९ सालीं त्यांचें पुस्तक केलें. नांव ‘अवर स्कॉट्स नोबल फॅमिलीज’, म्हणजे आमचीं स्कॉटलंडचीं थोर घराणीं. नांवांतच काय तो थोरपणा. आंत एकेका घराण्याची झडती घेतली होती. हें घराणें राजाची मर्जी संपादून मोठें झालें, त्यानें मठांच्या जमिनी गिळल्या, दुसऱ्यानें गांवकीचीं कुरणें बळकावलीं, तिसऱ्यानें शेजाऱ्याचा खून करून त्याची वाडी घेतली. पुस्तकाच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या असें सांगतात. त्याला प्रस्तावना होती रॅम्से मॅक्डोनल्ड यांची. हें नांव लक्षांत ठेवा, पुढें त्याचें काम आहे.

लिहिण्याची तऱ्हा कशी? चिडून शिव्या देण्याची नाहीं. तुमच्याच वंशावळी, तुमच्याच सनदा, तुमच्याच भाटांनीं लिहिलेले इतिहास मी वाचून दाखवितों, अशी. पुढें १९२० सालीं त्यांनीं स्कॉटलंडच्या कष्टकरी वर्गाचा जाडजूड इतिहास लिहिला. खाणींतल्या गुलामांची जी गोष्ट मीं मघां सांगितली, ती सामान्य वाचकाच्या हातीं पडली ती अशाच लिखाणामुळें.

आतां साप्ताहिकावर आलेली धाड. पहिलें महायुद्ध चालू होतें. दारूगोळ्याचे मंत्री लॉइड जॉर्ज १९१५ च्या नाताळांत ग्लासगोला आले. कसबी कामगारांच्या जागीं बिनकसबी माणसें आणि बायका घ्याव्या, संघांनीं त्याला हरकत करूं नये, असें मजुरांना पटवायचें होतें. २५ डिसेंबरला सेंट अँड्र्यूज हॉलमध्यें सभा झाली. मजुरांनीं मंत्र्यांना धड बोलूं दिलें नाहीं. आरडाओरडा, उलट प्रश्न, मजुरांचें निशाणगीत, सगळें झालें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांना सरकारी हुकूम सुटला कीं, सरकारनें दिलेला वृत्तांत तेवढाच छापावा. त्या वृत्तांतांत सर्व कसें गोडीगुलाबीनें पार पडलें होतें! मोठमोठ्या दैनिकांनीं निमूटपणें तोच छापला. ‘फॉरवर्ड’नें मात्र जें घडलें तें सगळें छापलें. जानेवारी १९१६ च्या आरंभीं पोलीस छापखान्यांत शिरले, अंक जप्त झाले, दुकानांतले अंकही उचलले गेले आणि पत्र बंद पडलें.

सुमारें पांच आठवड्यांनीं तें पुन्हां निघालें. कसें? युद्धसामग्रीच्या कामांत अडथळा येईल असें कांहीं छापणार नाहीं, अशी हमी देऊन. येथें कांहीं मंडळी नाक मुरडतात. त्यांचें म्हणणें, पत्र बंद पडलें तरी चाललें असतें, पण हमी द्यायला नको होती. मला तसें वाटत नाहीं. बंद पडलेल्या पत्राचें स्मारक होतें, वाचक होत नाहींत. पण हा माणूस पुढें कोणत्या वळणावर जाणार याची पहिली खूण ह्या हमींत आहे, हें मीही कबूल करतों.

राजकारण त्यांनीं गांवापासून केलें. १९१३ पासून ते कर्किंटिलॉकच्या नगरपालिकेवर होते. १९२० सालीं तेथें नगरपालिकेची पेढी निघाली. नगरपालिकेला पेढी काढण्याचा कायद्यानें अधिकार नव्हता, म्हणून कंपनीच्या कायद्याखालीं ती नोंदली आणि कारभार गांवच्या प्रतिनिधींकडे ठेवला. गांवच्या मजुरानें आणि विधवेनें ठेवलेली शिल्लक गांवच्याच कामाला आली, आणि सावकाराच्या व्याजांतून गांव थोडें सुटलें. कायद्याची भिंत आडवी आली तर डोकें आपटूं नये, दार कोठें आहे तें पाहावें, हा जॉन्स्टन यांचा स्वभाव.

१९२२ सालीं ते वेस्ट स्टर्लिंगशायरमधून पार्लमेंटांत गेले. १९२४ च्या निवडणुकींत पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डंडी शहरांतून पुन्हां निवडून आले. ह्या डंडीमुळें त्यांचा आपल्या देशाशीं संबंध आला, म्हणून येथें थोडा थांबतों.

डंडी हें तागाचें गांव. बंगालचा ताग बोटींत भरून तेथें जाई, त्याचीं पोतीं होत आणि तीं जगभर खपत. पुढें धनिकांना उमगलें कीं ताग जेथें पिकतो तेथेंच गिरणी काढली तर मजुरी किती स्वस्त पडेल! हुगळीच्या कांठीं गिरण्या उभ्या राहिल्या. कलकत्त्याच्या गिरण्यांवर व्यवस्थापक आणि मिस्त्री आले ते बहुतेक डंडीचेच. डंडीचा मजूर बेकार होऊं लागला. तेव्हां तेथल्या ताग-कामगारांच्या संघानें आपले चिटणीस जॉन सायम आणि खासदार जॉन्स्टन या दोघांना हिंदुस्थानांत पाहणीला पाठविलें. त्यांचा अहवाल १९२६ सालीं छापला गेला. त्याच्या नांवाचा अर्थच ‘हिंदुस्थानांतील पिळवणूक’ असा.

त्यांतला हिशेब ऐका. १९१५ पासून १९२४ पर्यंतच्या दहा वर्षांत ह्या गिरण्यांच्या भागीदारांना नफा आणि गंगाजळी मिळून तीस कोटी पौंड सुटले. मजूर सुमारें तीन लाख. म्हणजे दर मजुरामागें वर्षाला शंभर पौंड नफा. आणि मजुराला वर्षाची मजुरी किती? सरासरी साडेबारा पौंड. त्या वेळच्या हुंडणावळीनें महिन्याला चौदा रुपयेही पुरते होत नाहींत. मजुरीच्या आठपट नफा! हा हिशेब मांडणारा कोणी बंगाली पुढारी नव्हता. ज्यांची भाकरी ह्या कलकत्त्याच्या गिरण्यांमुळें गेली, त्या डंडीच्या मजुरांचा हा प्रतिनिधि होता.

उगाच कोणाला देव्हाऱ्यांत बसविण्याची मला संवय नाहीं. डंडीच्या संघानें ह्या दोघांना पाठविलें तें आपल्या पोटाच्या काळजीनें, हिंदी मजुराच्या प्रेमानें नव्हे. पण काळजींतूनही दोन वाटा फुटतात. काळ्या मजुराचा माल आमच्याकडे येऊं देऊं नका, ही एक. काळ्या मजुराला संघ बांधूं द्या, त्याची मजुरी वाढूं द्या, म्हणजे आमचीही टिकेल, ही दुसरी. जॉन्स्टन आणि सायम यांचा अहवाल दुसऱ्या वाटेचा आहे.

१९२९ सालीं मजूर पक्षाचें मंत्रिमंडळ आलें. जॉन्स्टन स्कॉटलंडचे उपमंत्री झाले आणि १९३१ सालीं कांहीं महिने मुख्य मंत्रिमंडळांत बसले. त्याच साली पैशाचें संकट आलें. मुख्य प्रधान होते रॅम्से मॅक्डोनल्ड, तेच प्रस्तावनेवाले. बेकारांच्या तुटपुंज्या भत्त्यावर कात्री चालवायची कीं नाहीं यावर मंत्रिमंडळ फुटलें. मॅक्डोनल्ड यांनीं आपला पक्ष सोडून हुजूर पक्षाशीं सोयरीक केली आणि प्रधानपद राखलें. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. जॉन्स्टन त्यांच्याबरोबर गेले नाहींत. त्या वर्षींच्या निवडणुकींत ते पडले आणि चार वर्षें पार्लमेंटाबाहेर राहिले. फितुरी कशाला म्हणावें याचें एक माप मला येथें सांपडतें. एकाच पुस्तकाच्या दोन टोकांना दोन माणसें होतीं. एकानें प्रस्तावना लिहिली, एकानें पुस्तक. खुर्ची राखण्यासाठीं कोण गेला आणि कोणी खुर्ची सोडली, तें पाहा.

दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां १९३९ पासून स्कॉटलंडच्या नागरी संरक्षणाचें काम त्यांच्याकडे होतें. फेब्रुवारी १९४१ मध्यें चर्चिल यांनीं त्यांना बोलावून स्कॉटलंडचे मंत्री केलें. जॉन्स्टन यांनीं अट घातली : स्कॉटलंडचे जितके माजी मंत्री हयात आहेत, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्या सर्वांचें एक मंडळ करीन, त्या सर्वांचें एकमत झालेल्या गोष्टीला तुम्हीं आडकाठी करूं नये. चर्चिल यांनीं तें मान्य केलें. आणि ह्या मंत्रिपदाचा पगार जॉन्स्टन यांनीं घेतला नाहीं.

त्या चार वर्षांतलीं कामें पुष्कळ आहेत; दोनच सांगतों. बाँबनें जखमी होणाऱ्यांसाठीं सरकारनें नवीं इस्पितळें बांधून ठेवलीं होतीं. सुदैवानें अपेक्षेइतके जखमी आलेच नाहींत, खाटा रिकाम्या. जॉन्स्टन यांनीं १९४२ पासून क्लाइड नदीकांठच्या कारखान्यांतल्या मजुरांना त्या खाटा मोफत खुल्या केल्या आणि धर्मादाय इस्पितळांत महिनेन्‌महिने वाट पाहणारे हजारों रोगीही तेथें आणले. सगळ्या देशाला मोफत औषधपाणी १९४८ सालीं मिळालें. त्याची तालीम येथें आधींच झाली होती. दुसरें काम, सामानसुमानासह दिलेल्या खोल्यांचीं भाडीं ठरविण्यासाठीं १९४३ सालीं त्यांनीं कायदा केला. इंग्लंडाला असा कायदा करायला आणखी तीन वर्षें लागलीं.

पण त्यांचें नांव ज्यामुळें राहिलें तें काम पाण्याचें. उत्तरेकडच्या डोंगरांत पाऊस अपार, आणि घरांत दिवा रॉकेलचा! पाण्यापासून वीज करण्याचे बेत युद्धापूर्वींच पार्लमेंटांत आले होते आणि एकामागून एक आपटले होते. जमीनदारांना आपलीं शिकारीचीं रानें आणि सामन माशांच्या नद्या जपायच्या होत्या, कोळसेवाल्यांना आपला धंदा जपायचा होता, आणि सृष्टिसौंदर्याचे भक्तही त्यांना येऊन मिळाले होते. हे भक्त बहुतेक असे कीं ज्यांच्या स्वतःच्या घरीं वीज होती.

जॉन्स्टन यांनीं १९४१ सालीं चौकशी-समिति नेमली आणि अध्यक्ष केलें लॉर्ड कूपर यांना. हे न्यायाधीश, आणि पूर्वीचे विरुद्ध पक्षाचे खासदार. त्यांच्याच तोंडून योजना आली. आतां विरोध करणार कोण? १९४३ सालीं कायदा झाला आणि उत्तर स्कॉटलंडचें जलविद्युत्-मंडळ निघालें. ह्या कायद्याचें मर्म असें : वीज दक्षिणेकडच्या शहरांना विकावी, आणि त्या पैशांतून डोंगरांतल्या एकट्या झोपडीपर्यंत तार न्यावी. झोपडीला तार नेणें तोट्याचें असलें तरी न्यावी. त्या प्रदेशाची आर्थिक व सामाजिक सुधारणा हें मंडळाचें कर्तव्य म्हणून कायद्यांतच लिहिलें.

आणि मंडळाचा पहिला अध्यक्ष कोण नेमला? एअर्लीचे अर्ल, एक जातिवंत उमराव! थोर घराण्यांची झडती घेणाऱ्यानें चौतीस वर्षांनीं असा नेम केला. लोक हंसले असतील. पण विचार करा, जमीनदारांच्या नद्या घ्यायच्या होत्या. जमीनदारांशीं बोलायला जमीनदारच पाठविला. १९४६ पासून १९५९ पर्यंत मात्र जॉन्स्टन यांनीं स्वतः अध्यक्षपद संभाळलें.

काम सोपें नव्हतें. पिटलॉक्री गांवचे लोक धरणाविरुद्ध उठले. आमचें गांव बुडालें, पाहुणे येणार नाहींत, मासे मरतील, असा गिल्ला झाला. मंडळानें धरणाला लागून माशांसाठीं चौतीस कुंडांचा जिना बांधला. सामन मासा पावलापावलानें वर चढून जातो, आणि तें पाहायला दरसाल जे पाहुणे येतात त्यांच्यावरच पिटलॉक्रीचीं दुकानें चालतात! बोगदे खणायला आयरिश, पोलिश, डोंगरांतले हायलंडर, कांहीं ठिकाणीं जर्मन युद्धकैदीही होते. कित्येक त्या कामांत मेले. विजेचा दिवा लागला तेव्हां त्यांचीं नांवें फारशीं कोणी घेतलीं नाहींत. लॉक स्लॉय येथलें पहिलें मोठें वीजघर ऑक्टोबर १९५० मध्यें राणीच्या हस्तें उघडलें. १९६५ पर्यंत ५४ मोठीं वीजघरें आणि ७८ धरणें झालीं होतीं. त्याच १९६५ सालीं, ५ सप्टेंबरला, जॉन्स्टन वारले. लॉर्ड होण्याचा मान त्यांनीं नाकारला होता. उमरावांच्या यादींत आपलें नांव घालून घेतलें नाहीं.

आतां दिलगिरीची गोष्ट. १९५२ सालीं छापलेल्या आठवणींत त्यांनीं आपल्या तरुणपणच्या पुस्तकाला एकांगी आणि विनाकारण मनें दुखविणारें ठरविलें. माझें स्पष्ट मत असें कीं, येथें म्हातारा जॉन्स्टन चुकला आणि तरुण जॉन्स्टन बरोबर होता. मनें दुखावलीं असतील; पण त्यांतल्या सनदा खोट्या होत्या काय? ज्या लोकांनीं तें पुस्तक दिव्याच्या उजेडांत वाचलें, त्यांच्याच मनांत नदी ही सरदाराची नव्हे हा विचार रुजला. तो रुजला नसता तर १९४३ चा कायदा पास करायला कोणता अर्ल आणि कोणता न्यायाधीश पुढें आला असता? फितूर मी त्यांना म्हणत नाहीं. जमीन हातची गेलेलीच होती. पाणी त्यांनीं मिळविलें. पण जमिनीचा प्रश्न त्यांनीं सोडून दिला, हेंही तितकेंच खरें.

तो प्रश्न पुढें कोठें गेला तेंही सांगतों. वीज-मंडळ सरकारनें १९९१ सालीं कंपनी करून भागीदारांना विकलें. झोपडीच्या तारेसाठीं धरलेलें पाणी पुन्हां नफ्याच्या वहींत गेलें. एडिंबरोला स्कॉटलंडचें पार्लमेंट १९९९ सालीं पुन्हां भरलें, आणि त्यानें केलेल्या कायद्यानें जमिनीवरची जुनी सरंजामी मालकी २८ नोव्हेंबर २००४ रोजीं रद्द झाली. पुस्तक छापल्याला तेव्हां ९५ वर्षें झालीं होतीं. मालकी रद्द झाली तरी मोठमोठ्या जहागिरी अजून मूठभर घराण्यांच्या आणि नव्या धनिकांच्या हातीं आहेत, आणि लेखकानें ज्याबद्दल क्षमा मागितली तें पुस्तक त्याच्या मागें पुन्हां छापून निघालें, लोक तें वाचतात.